हात जोडण्याचा प्रश्न



दोन वर्षांपूर्वीच्या आश्विन पौर्णिमेची गोष्ट आहे. वर्षावासाची समाप्ती होती. आमच्या वस्तीतल्या विहारात त्रिशरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांचे चार शब्द झाले आणि खीर वाटायला घेतली. इतक्यात आठवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. तिने विचारले, "शाळेत मी सरस्वतीपुढे हात जोडले नाहीत. मग इथे बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे का जोडायचे?"

सारा विहार गप्प झाला. तिचे वडील मागे बसले होते. ते पुढे आले आणि त्यांनी तिला सर्वांसमक्ष थोबाडीत दिली. "शाळेत माझी मान खाली घालायला लावलीस, आता इथंही?" एवढेच म्हणाले. मुलगी रडली नाही, खाली बसली. मग खीर वाटली गेली. आम्ही ती खाल्ली आणि आपापल्या घरी गेलो.

मी त्याच मुलीच्या शाळेत शिक्षिका आहे. त्या थोबाडीतला निम्मा दोष माझ्याकडे येतो. तो कसा, हे सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत सरस्वतीपूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, फुले वाहायची, रांगेने येऊन नमस्कार करायचा. पुष्कळ शाळांत ही रीत आहे. दुसऱ्या दिवशी आपण सारे धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो आणि आपलीच मुले आदल्या दिवशी त्या रांगेत उभी असतात. ही मुलगी रांगेत उभी राहिली, तसबिरीपुढे आली, सरळ उभी राहिली आणि पुढे निघाली. एका सरांनी हटकले, "हात जोड." ती म्हणाली, "सर, मी रांगेत आले, शांत उभी राहिले. पण हात नाही जोडणार. आमच्या घरी दीक्षा झाली आहे." पोरे हसली. मुख्याध्यापकांनी तिला कचेरीत नेले आणि पालकांना घेऊन येण्यास फर्मावले.

सुट्टीनंतर तिचे वडील आले. बांधकामावर गवंडीकाम करणारा माणूस, त्यांचा त्या दिवसाचा खाडा झाला. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर ते उभे राहिले. "साहेब, पोरगी लहान आहे, परत असं होणार नाही," असे म्हणून त्यांनी हात जोडले. मुलीलाही माफी मागायला लावली. म्हणजे पहा, मुलीने जे हात मूर्तीपुढे जोडले नव्हते, ते बापाने टेबलापुढे जोडले. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होते. दार उघडे होते. मला सारे ऐकू येत होते. मी उठले नाही.

का उठले नाही? माझ्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी सातवीत होते. दहावी होईपर्यंत मी दर वर्षी त्याच रांगेतून गेले आणि दर वर्षी हात जोडले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पण त्या रांगेतली भीती अंगातून गेली नव्हती.

वस्तीत या प्रकरणाची चर्चा झाली. जाणती माणसे म्हणाली, "दीक्षा घरात पाळावी, शाळेत चार जणांसारखे वागावे. पोरीचे शिक्षण महत्त्वाचे." तरुण पोरे म्हणाली, "तिने तसबीरच खाली उतरवायला पाहिजे होती." पहिल्या म्हणण्यात भीती आहे. ती खोटी नाही. दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, तोंडी परीक्षेचे गुण हे सारे कचेरीच्या हातात असते. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार पगारी माणसाला नाही. दुसऱ्या म्हणण्यात चीड आहे, तीही उगीच नाही. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. त्या मुलीला काय वाटले, तिने काय विचार करून हात खाली ठेवले, हे कोणीच विचारले नाही. एकाला ती गप्प हवी होती, दुसऱ्याला ती झेंडा म्हणून हवी होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांची भाषा कधी नीट पाहिली आहे काय? एवढा मोठा जनसमुदाय समोर असताना त्यांत 'आम्ही' नाही. त्या 'मी'च्या भाषेत आहेत. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. लाखो माणसे एकाच वेळी बोलत होती, पण प्रत्येक जण स्वतःपुरते बोलत होता. शेकडो वर्षे आपल्याला गावाने 'आम्ही'च्या ढिगात मोजले. तुमची जात अशी, तुमची वस्ती तिकडे, तुमचे काम हे. त्या ढिगातून एकेक माणूस उचलून बाबासाहेबांनी त्याला 'मी' म्हणायला लावले. मग आपल्या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीने 'मी हात जोडणार नाही' म्हटले तर ती उद्धट कशी झाली? तिने प्रतिज्ञा शब्दशः घेतली, एवढाच तिचा गुन्हा.

आता कोणी म्हणेल, लहान मुलांना काय कळते? बाबासाहेब शाळकरी वयाचे असतानाची एक हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी जे प्रास्ताविक लिहिले त्यात ती आहे. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ते प्रास्ताविक छापले गेले नव्हते, त्यामुळे पुष्कळांच्या वाचनात नाही. सुभेदार रामजींचे घर कबीरपंथी, शिस्तीचे. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घेत. पुढे एका सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी भीमरावाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. मुलाने ते वाचले आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला : हे असे चरित्र जगात असताना बाबा आपल्याकडून ते ग्रंथ का वाचून घेतात, ज्यांत वरच्यांचीच थोरवी सांगितली आहे? एके दिवशी त्याने वडिलांना तसे विचारले. वडिलांनी उत्तर दिले की आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात कमीपणाची भावना राहू नये, म्हणून हे ग्रंथ वाचायचे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून वर चढले, ते पाहावे. मुलाला यात थोडे तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. त्याने भीष्म, द्रोण, कृष्ण, राम या एकेकाविषयी आपली नापसंती सांगून टाकली. रामजी गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड आहे, हे त्यांनी ओळखले.

हे गप्प राहणे मला फार मोठे वाटते. शाळेत ज्याला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई नसेल त्या दिवशी ज्याला पाणी मिळाले नाही, संस्कृत शिकायचे असताना ज्याला फारसी घ्यावी लागली, त्या मुलाला प्रश्न विचारायला एक जागा तरी होती. ती जागा घर होती. बाप धर्मशील होता, कडक होता, मुलाच्या बोलण्याने त्याचे मन दुखावलेही असेल. पण त्याने त्या प्रश्नाला थप्पड दिली नाही. आपल्या मुलांना शाळेत अडवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात घरच्या माणसाची भर कशाला?

आणखी मागे जायचे तर पुण्याला जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद आमच्यासाठी नाहीत म्हणता, मग आम्हाला धर्मच नाही असे म्हणायला हवे, हा तर्क तिने त्या काळी, त्या वयात मांडला. निबंध म्हटला की गाय किंवा पावसाळा लिहून मोकळे होणारी मुले मी रोज पाहते, म्हणून या मुक्ताची मला अधिक नवलाई. शाळेने तिला अक्षर दिले. त्या अक्षराने काय लिहायचे ते तिने ठरवले.

पण वेगळे वागणे म्हणजे सर्व वेळी बरोबर वागणे नव्हे, हेही वर्गात तीस-चाळीस मुलांसमोर उभे राहणाऱ्या बाईला सांगितलेच पाहिजे. एखादा मुलगा केस वाढवतो, एखादी मुलगी कबड्डीच्या मैदानावर मुलांत उतरते, एखादा गणपतीची वर्गणी देत नाही, एखादा गृहपाठच करत नाही आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणतो. यांत निवड कशी करायची? तथागतांनी राहुलाला जे सांगितले ते मला इथे फार उपयोगी पडते. राहुल तेव्हा लहान होता, परंपरेने वय सात सांगतात. तथागतांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. मग तथागत म्हणाले की तसेच प्रत्येक कृती पाहून करावी. करण्याआधी पाहा, करताना पाहा, करून झाल्यावर पाहा. यातून माझे अहित होते काय, दुसऱ्याचे होते काय, दोघांचे होते काय? होत असेल तर सोडून दे, होत नसेल तर कर. सात वर्षांच्या पोराला 'मी सांगतो म्हणून कर' असे त्यांनी म्हटले नाही. आरसा त्याच्याच हातात दिला.

या आरशात आमच्या मुलीचे वागणे पाहा. ती रांगेत आली, शांत उभी राहिली, कोणाच्या फुलाला धक्का लावला नाही, कोणाला मूर्ख म्हटले नाही. यात कोणाचे अहित झाले? तसबीर उतरवा म्हणणाऱ्या तरुणांचे वागणे पाहा. ज्या मैत्रिणीने पहाटे उठून फुले आणली, तिचे मन दुखावले असते, आणि उद्या तीच मैत्रीण हिच्याशेजारी बसायला कचरली असती. आणि ज्याने गृहपाठ केला नाही त्याचे वागणे पाहा. त्याने स्वतःचेच अहित केले. केस वाढवणाऱ्या मुलाबद्दल विचाराल तर आरशात मला काहीच वाईट दिसत नाही. आमच्या शाळेच्या नियमात ते बसत नाही, ती गोष्ट निराळी. हा मुलगा कोण, हे तो केसांतून शोधत असेल तर शोधू द्या, पुढे पुस्तकातून शोधील.

आता कायद्याचे. ते मुद्दाम लिहिते, कारण आपल्यातल्या पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते आणि कचेरीत गेल्यावर त्यांचे हात आपोआप जुळतात. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २८ सांगतो की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि शाळा सरकारमान्य किंवा अनुदानित असेल तर तिथे धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाची संमती लागते. म्हणजे तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय तुमच्या मुलाला पूजेला उभे करता येत नाही. ही कोणाची मेहरबानी नाही. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले होते. त्यांच्या पंथाच्या श्रद्धेत राष्ट्रगीत गाणे बसत नव्हते. ती गात नसत, पण राष्ट्रगीत चालू असता आदराने उभी राहत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल मुलांच्या बाजूने लागला. आपण राष्ट्रगीत उभे राहून, मनापासून गातो, आपला प्रश्न तो नव्हे. परंतु आदराने उभे राहणे वेगळे आणि मनाविरुद्ध तोंड उघडणे वेगळे, हा फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. तोच फरक आठवीतल्या मुलीने आपल्या अकलेने शोधला होता.

आणि आता तिचा विहारातला प्रश्न. तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी थोबाडीत बसली म्हणून आम्हा सर्वांची सुटका झाली, कारण उत्तर कोणाजवळ तयार नव्हते.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की येणारा जाणारा प्रत्येक श्रमण आपलेच मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना शंका घेतल्याबद्दल दोष दिला नाही. शंका येण्यासारखीच जागा आहे, असे म्हटले. आणि मग सांगितले की ऐकिवात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. इतकेच काय, हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही मानू नका. हे शेवटचे वाक्य बोलणारा स्वतः गुरूच्या आसनावर बसलेला होता, हे लक्षात घ्या. बाबासाहेबांचेही तेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीपासून आणि विभूतिपूजेपासून देशाला सावध केले. स्वतःचे स्वातंत्र्य कोणाही थोर पुरुषाच्या पायाशी ठेवू नये, हे ज्यांनी सांगितले त्यांच्याच तसबिरीबद्दल मुलीने विचारले, तर तिने त्यांचेच ऐकले म्हणायचे.

मग हात का जोडायचे? मी जे समजते ते सांगते, पटले तर घ्या. तथागत हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांच्यापुढे हात जोडून काही मागायचे नसते. परीक्षेत पास कर, पाऊस पाड, पोरीचे लग्न जमव, यातले काही तिथे चालत नाही. ज्याने वाट दाखवली त्याची आठवण ठेवून आपण त्या वाटेवर आहोत काय, हे स्वतःला विचारायचे असते. हा विचार ज्याच्या मनात नाही त्याचे जोडलेले हात आणि शाळेतल्या रांगेतले माझे जोडलेले हात यांत फरक नाही. आणि जी मुलगी हात खाली ठेवून हाच विचार करते ती वंदनाच करते आहे. आपल्या कित्येक घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीला पूर्वीच्या देव्हाऱ्यातलीच जागा मिळाली आहे, उदबत्तीही तीच. नवदीक्षित घरांनी याचा राग मानू नये, आमच्याही घरी असेच होते. पण मुले हे पाहतात आणि मुलांना हे खटकते.

तथागतांनी सिगालाला सहा दिशांचा अर्थ सांगितला. तो तरुण बापाच्या शब्दाखातर रोज ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करी. तथागतांनी त्याला पूर्व दिशा म्हणजे आईबाप आणि दक्षिण दिशा म्हणजे शिक्षक असे समजावले. शिष्याने शिक्षकाला मान द्यावा, हे तर आम्ही शिक्षक मुलांकडून घोकून घेतो. परंतु त्याच सुत्तात शिक्षकाची पाच कर्तव्येही आहेत आणि त्यांत शिष्याचे सर्व बाजूंनी रक्षण करावे असे आहे. ते आम्ही वाचून दाखवत नाही. शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसलेल्या बाईने ते वाचले असते तर ती उठली असती.

पौर्णिमेनंतर आठवड्याने मी त्या मुलीच्या घरी गेले. तिचे वडील ओट्यावर बसले होते. मी म्हटले, "दादा, चूक माझी. मी त्या दिवशी शेजारीच होते." ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, मला तिचा राग नव्हता आला. माझाच आला होता." तिच्या आईने चहा आणला आणि म्हणाली, "मारायच्या आधी पोरीला एकदा विचारायचं होतं." मुलगी आत अभ्यास करत होती. तिने काही ऐकले नसावे, किंवा सगळे ऐकले असेल.

गेल्या वर्षी पूजेच्या आठ दिवस आधी आम्ही तिघांनी मिळून एक पत्र लिहिले. फार साधे. आम्ही बौद्ध आहोत. आमची मुलगी शाळेच्या सर्व कार्यक्रमांना हजर राहील, सर्वांचा आदर ठेवील. पूजेत भाग घेण्यास तिची व आमची संमती नाही. अनुच्छेद २८ पाहावा. खाली वडिलांची सही. मी सोबत गेले. मुख्याध्यापकांनी पत्र वाचले, आवक नोंदवहीत चढवले आणि "ठीक आहे" म्हणाले. मनात काय आले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. वडिलांचा या वेळी अर्धाच खाडा झाला.

पूजेच्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर फुले निवडायला बसली, रांगेत आली, उभी राहिली आणि पुढे गेली. कोणी हसले नाही. मीही रांगेत होते आणि माझेही हात खाली होते. आपल्या वस्तीतली आणखी चार मुले त्या रांगेत होती. त्यांतल्या तिघांनी हात जोडले. विहारात त्यांना किंवा त्यांच्या आईबापांना कोणी त्यावरून बोलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी दहावीपर्यंत जोडत होते.